‘पार्टनर’ या शब्दाचा पुरावा

‘पार्टनर’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो उसना असल्याचे आता कुणाच्या ध्यानीही येत नाही. धंद्यातला भागीदार पार्टनर, कॅरमच्या डावात समोर बसलेला गडी पार्टनर, वसतिगृहाच्या खोलीतली दुसरी कॉट ज्याची तो रूम पार्टनर. व. पु. काळे यांच्या कादंबरीने या संबोधनाला एका पिढीच्या भावविश्वात जागा मिळवून दिली. पुढे बिंदुमाधव खिरे यांनी एका समलिंगी तरुणाच्या आयुष्यावरील आपल्या कादंबरीला हेच नाव दिले आणि शब्द तोच राहून त्याचा अर्थ सरकला. या शब्दाला आणखी एक, निव्वळ सरकारी, अर्थ आहे आणि तो नियमांच्या परिच्छेद-उपपरिच्छेदांत बांधून ठेवलेला आहे, हे मला अगदी अलीकडे, २०२५ साली, कळले.

त्याचे निमित्त असे. हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातला आमच्या महाविद्यालयाचा एक जुना विद्यार्थी एका रविवारी कागदांची जाडजूड फाइल घेऊन घरी आला. (त्याने हा लेख वाचला आहे. त्याच्या परवानगीनेच लिहीत आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.) अकरावी-बारावीला तो माझ्या मराठीच्या तासाला पहिल्या बाकावर असे, पुढे अभियांत्रिकीला गेला, पुण्यात नोकरीला लागला. पुण्यात सहा वर्षे ज्याच्याबरोबर तो राहिला तो त्याचा सहचर २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसावर ब्रिटनला गेला होता. याला आता ‘अविवाहित जोडीदार’ म्हणून त्याच्यापाशी जायचे होते. “सर, यातले मराठी कागद इंग्रजीत करून द्याल का?” एवढेच त्याचे मागणे होते. इंग्रजीत नसलेल्या कागदासोबत पूर्ण अनुवाद जोडावा लागतो आणि त्याखाली तो अचूक असल्याचे विधान, तारीख, अनुवादकाचे नाव, सही, संपर्क हे सारे असावे लागते. म्हणजे त्या दोघांच्या नात्याच्या कागदांखाली माझी सही होणार होती. आणि त्या नात्याविषयी मला त्या रविवारच्या सकाळपर्यंत काहीही ठाऊक नव्हते. फाइल ठेवून तो गेला, तेव्हा मी काही काळ ती उघडली नाही, हेही कबूल केले पाहिजे.

नियमांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो उद्बोधक आहे. लग्न न झालेल्या जोडीदाराला देशात आणता येईल अशी सवलत ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९७ मध्ये सुरू झाली. ती मुळात कायद्याने लग्नच करू न शकणाऱ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः समलिंगी जोड्यांसाठी होती आणि तिच्यामागे अशा जोड्यांनी केलेली काही वर्षांची चळवळ होती. अट होती चार वर्षे एकत्र राहिल्याची. व्हिसा नाही म्हणून एकत्र राहता येत नाही, एकत्र राहिलो नाही म्हणून व्हिसा मिळत नाही, असा तो पेच होता. १९९९ मध्ये चाराची दोन वर्षे झाली. २००० च्या ऑक्टोबरात सवलतीचा नियम झाला. आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस एकत्र राहण्याची अटच सैल करण्यात आली. आता दोन वर्षे ‘विवाहसदृश नात्यात’ असणे पुरते. एकत्र राहत नसाल तर त्याचे कारण द्यावे लागते. सरकारी मार्गदर्शनात अशा कारणांची उदाहरणे आहेत. नोकरी वा शिक्षण वेगवेगळ्या ठिकाणी असणे हे एक. दुसरे, तुमच्या संस्कृतीत तसे राहणे मान्य नसणे. त्या रूक्ष पानावर ‘संस्कृती’ हा शब्द पाहून मी थबकलो. आमच्याकडे या शब्दावर व्याख्यानमाला होतात. तिथे तो अर्जातल्या एका रकान्याचे उत्तर म्हणून आला होता.

इतर देशांचे मार्ग वेगवेगळे आहेत. ऑस्ट्रेलिया साधारणपणे बारा महिन्यांचे सहजीवन मागतो. कॅनडाने २००२ पासून नेहमीच्या अविवाहित जोडीदाराच्या जोडीला आणखी एक वर्ग मानला आहे: ज्यांना काही सबळ अडचणीमुळे एकत्र राहणेही शक्य नाही आणि लग्न करणेही शक्य नाही, अशांचा. अमेरिका अविवाहित जोडीदाराला ओळखतच नाही. तेथील नागरिकाला वाग्दत्त वधूवराला आणता येते, पण नव्वद दिवसांत लग्न केले पाहिजे. जर्मनीलाही विवाह किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. भारतात लग्न करू न शकणाऱ्या दोघांना यांतली कोणती दारे उघडी राहतात, ते वाचकांनीच पाहावे.

आता फाइल. पुण्यातल्या सदनिकेचे ‘लिव्ह अँड लायसन्स’चे करार, दर अकरा महिन्यांचा एक, दोघांच्याही नावे. गृहनिर्माण सोसायटीचा भाडेकरूंच्या माहितीचा मराठी अर्ज. त्यात ‘परस्परांशी नाते’ या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेले ‘मित्र’. बँकेच्या उताऱ्यांवर महिन्याच्या महिन्याला एकाकडून दुसऱ्याकडे गेलेले पैसे आणि त्यांपुढे ‘किराणा’, ‘दूध’, ‘आईचे औषध’. छायाचित्रे तर भरपूर. खांद्यावर हात टाकलेले, एका मोटारसायकलवरचे, पंढरपूरच्या वाळवंटातले. मला फाइल वाचताना एक गोष्ट हळूहळू उमगत गेली. याच गावातल्या एखाद्या मुलीला आणि मुलाला लग्नाशिवाय पुण्यात सहा वर्षे एका छताखाली राहायचे असते तर त्यांना घर मिळता मिळाले नसते. या दोघांना ते सहज मिळाले, कारण दोन ‘बॅचलर’ पोरांकडे घरमालक फक्त भाडे वेळेवर येते का एवढेच पाहतो. त्यामुळे त्यांच्यापाशी सहजीवनाचा पुरावा विपुल होता, आणि त्यातला प्रत्येक कागद ते केवळ मित्र असल्याची साक्ष देत होता. खांद्यावरचा हात ब्रिटनमधल्या अधिकाऱ्याला कदाचित काही सांगेल. हिंगोलीच्या बसस्थानकावर मात्र तसे पन्नास हात दिसतील आणि त्यांतून काहीच कळणार नाही.

राहिले मोबाइलवरचे संदेश. ते मराठीत होते, म्हणून माझ्या वाट्याला आले. प्रेमपत्रांचा अनुवाद करावा लागणार या कल्पनेने मी जरा अवघडलो होतो. तसे काहीच निघाले नाही. ‘पोहोचलास की फोन कर.’ ‘गॅस बंद केलास ना?’ ‘पाऊस आहे, छत्री ने.’ आणि जवळजवळ रोज, दुपारी एकदा, रात्री एकदा: ‘जेवलास का?’ मी विद्यार्थ्याला विचारले, यांत तसे काही लिहिलेले एकही वाक्य नाही, हे कसे? तो म्हणाला, “सर, सुट्टीत घरी गेलो की फोन सगळ्यांच्या हातात असतो. भाचे गेम खेळतात. तसलं काही असलं तर आम्ही त्याच रात्री पुसून टाकत होतो.” म्हणजे नात्याचा जो भाग अर्जाला हवा होता तो त्यांनी स्वतःच्या हाताने, रोजच्या रोज, नष्ट केला होता. नष्ट केला म्हणूनच नाते टिकले होते.

‘जेवलास का?’ या दोन शब्दांचा इंग्रजी अनुवाद तिसरीतला मुलगाही करील. तो अचूकही असेल आणि मी तसाच केला. नियमाला पूर्ण व अचूक अनुवाद हवा, भाष्य नको. परंतु या वाक्यात मराठी माणूस काय काय ठेवतो हे आपण सारे जाणतो. रुसवा संपल्याचे त्यात सांगता येते, दिवसभर आठवण आल्याचे सांगता येते, माफी मागता येते. वर्गात आपण याला ध्वनी म्हणतो आणि त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो. 

इथे मला अपरिहार्यपणे गाथासप्तशती आठवली. सिद्धेश्वर धरण पूर्णा नदीवर आहे, पूर्णा पुढे गोदावरीला मिळते, आणि स. आ. जोगळेकरांच्या आवृत्तीमुळे मराठी वाचकाला परिचित झालेल्या त्या प्राकृत संग्रहात याच गोदेच्या काठावरचे चोरटे प्रेम ठायी ठायी आहे. त्यातल्या दोन गाथा आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या आरंभीच घेतल्या. एकीत नायिका एका धार्मिक गृहस्थाला सांगते की तुम्हाला त्रास देणारा कुत्रा नदीकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारला, आता खुशाल हिंडा. शब्द परवानगीचे, अभिप्राय असा की या संकेतस्थळाकडे फिरकू नका. दुसरीत घरची सून वाटसरूला दिवसाउजेडी दाखवून ठेवते की सासू इथे निजते आणि मी तिथे. रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडू नका. शब्द मनाईचे आणि निमंत्रण पक्के. आता ही दुसरी गाथा पुरावा म्हणून अर्जाला जोडली आहे अशी कल्पना करा. अधिकारी टिपण लिहील: अर्जदार स्वतंत्र अंथरुणावर झोपत असल्याचे अर्जदाराच्याच निवेदनावरून दिसते.

हा विनोद नव्हे. माझ्या विद्यार्थ्याच्या फाइलीतल्या एका करारासोबतच्या सामानाच्या यादीत ‘पलंग सिंगल, नग २’ अशी नोंद होती आणि ती वगळावी की ठेवावी यावर त्याने रात्र घालवली होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की विवाहसदृश नात्याचा पुरावा मागणारा नियम वाच्यार्थावर चालतो. ज्या समाजात जोडपी उघडपणे राहतात, संयुक्त खाते काढतात, दोघांच्या नावाने आमंत्रणे येतात, तिथे तो पुरेसा आहे. जिथे नात्याला स्वतःचे नाव घेण्याची सोय नाही, तिथे कागद नात्याच्या विरुद्ध बोलतात. ते विरुद्ध का बोलतात हे वाचता येणे म्हणजेच पुरावा वाचणे होय. २०२४ चा बदल, आणि त्याआधी दोन दशके कॅनडाने घेतलेली भूमिका, यांत ही जाण अंशतः दिसते, हे मान्य केले पाहिजे. पण कारण सांगण्याची मुभा देणे आणि कारण ऐकल्यावर समोरचा कागद वेगळ्या रीतीने वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत. समाजात मान्यता नाही हे ऐकून घेतल्यावरही दोघांनी जोडपे म्हणून घालवलेल्या सुट्ट्यांचे, हजेरी लावलेल्या समारंभांचे पुरावे मागितलेच जातात. मान्यता नसलेले जोडपे समारंभाला जोडपे म्हणून जाईल कसे?

यावर एक रास्त आक्षेप येईल. खोटी नाती दाखवून परदेश गाठणारे असतात, त्यांना कागद करून देणारे दलाल असतात. मग सरकारने डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? मुळीच नाही. परंतु बनावट फाइल कशी दिसते याचा विचार करा. तिच्यात संयुक्त खाते असेल, वाढदिवसाच्या केकची छायाचित्रे असतील, संदेशांत प्रेमाच्या कबुल्या नेमक्या अंतराने पेरलेल्या असतील. उचलेगिरी केलेला प्रबंध नेहमी साचात चपखल बसतो, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. खरे लिहिणाऱ्याच्या प्रबंधातच एखादे प्रकरण लंगडे असते. वाच्यार्थाची कसोटी लावली की लबाड पार होतो आणि अडखळतो तो नेमका ज्याने भीतीपोटी रोज काही तरी पुसले तो. दोघांना वेगवेगळे बसवून तासभर बोलायला लावावे. कुणाची आई कोणत्या भाजीला नाक मुरडते एवढ्यावरूनही पुष्कळ कळेल. त्याला वेळ लागतो आणि माणसे लागतात, म्हणून कागद बरे वाटतात.

परक्या राजद्वारी जाऊन आपले नाते सिद्ध न करता आलेल्या स्त्रीची कथा आपल्याकडे जुनीच आहे. किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून ती मराठी मनात गाण्यांसह वसली आहे. गांधर्व विवाहाला साक्षीदार नव्हता. होती एक अंगठी, ती पाण्यात पडली, आणि कोळ्याला मासळीच्या पोटात सापडेपर्यंत राजाच्या लेखी नाते झालेलेच नव्हते. कालिदासाने शापाची योजना करून राजाला सोडवले, असे आपण शिकवतो. महाभारतातला दुष्यंत मला या संदर्भात अधिक प्रामाणिक वाटतो. तिथे शापही नाही आणि अंगठीही नाही. त्याला सारे आठवत असते. आकाशवाणी झाल्यावर तो दरबाराला सांगतो की मला ठाऊक होते, पण केवळ हिच्या शब्दावर स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. सत्ता नात्याची खातरजमा स्वतःसाठी करत नाही, ती लोकांना दाखवण्यासाठी करते, हे इतक्या उघडपणे आजचा कोणताही नियम सांगत नाही.

आपला कायदाही त्याच वळणाचा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहाच्या स्वरूपाच्या नात्यातल्या स्त्रीला संरक्षण दिले, हे मोठेच पाऊल. पण अशा नात्याची लक्षणे कोणती, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी निकालात सांगितले तेव्हा पहिलेच लक्षण हे होते की दोघांनी समाजासमोर पतिपत्नीसारखे वावरले पाहिजे. आणखी एक असे की दोघेही कायद्याने विवाहास पात्र हवेत. म्हणजे माझा विद्यार्थी दोन्ही ठिकाणी बाद. सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ चा फास त्याच्या गळ्यातून निघाला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने विवाहाचा हक्क नाकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. विवाह न्यायालयाने नाकारला आणि विवाहसदृश असण्याची मुभा परक्या देशाने दिली, अशी त्याची गत आहे.

शिवाय उलट दिशेचा प्रवास पाहा. ब्रिटनवर टीका करताना आपल्या लेखणीला धार चढते. म्हणून हे सांगणे आवश्यक. उद्या एखाद्या परदेशी व्यक्तीला आपल्या भारतीय अविवाहित जोडीदाराजवळ, समजा सिद्धेश्वरला, येऊन राहायचे झाले तर त्यासाठी आपल्या नियमांत वर्गच नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळते ते विवाह नोंदलेला असेल आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकला असेल तरच. २०१७ च्या अखेरीस अमेरिकेत राहणाऱ्या एका यवतमाळकर अभियंत्याने आपल्या व्हिएतनामी सहचराशी यवतमाळातच समारंभपूर्वक लग्न लावले. तेव्हा ३७७ अजून लागू होते. वृत्तपत्रांनी फोटो छापले, चर्चा झाली. आपल्या कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी यवतमाळात काहीच घडले नाही. तिथे पुरावा अपुरा पडतो, आपल्याकडे पुरावा मागणाराच नाही.

अर्ज मंजूर झाला. नकाराच्या पत्रात कारणे असतात, मंजुरीच्या पत्रात नसतात. त्यामुळे त्या अधिकाऱ्याने कशावर विश्वास ठेवला, हे आम्हाला कधीच कळणार नाही. करारांवर, दुधाच्या पैशांवर, की ‘जेवलास का?’वर. विद्यार्थ्याने माझ्याकडे आणखी एक मागितले होते: दोघांचे नाते मी जाणतो असे पत्र. ते मी दिले नाही. मी ते नाते एका रविवारपासून जाणत होतो, आणि सहा वर्षे जाणत असल्यासारखे लिहिणे मला जमले नाही. तो रागावला नाही. मला मात्र अजून वाटते की पहिल्या बाकावरच्या त्या मुलाकडे मी दोन वर्षांत कधी नीट पाहिले असते तर पत्र देता आले असते.

एका छायाचित्रावरून आमचा थोडा वादही झाला. २०२३ च्या अधिक श्रावणातले, गावातल्या घरातले ते छायाचित्र. थोरल्या बहिणीचा नवरा पाटावर बसला आहे, समोर ताटात धोंडे आणि तूप. आणि त्याच्या शेजारच्या पाटावर, तसेच ताट समोर घेऊन, तो पुण्याचा ‘मित्र’. दोघांच्याही मांडीवर टॉवेल-टोपी. धोंड्याच्या महिन्यात सासूने कुणाला जेवायला बोलवायचे असते हे मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. विद्यार्थ्याच्या आईने त्या दिवशी, म्हणे, एवढेच म्हटले होते की तोही घरचाच आहे, त्याचेही ताट वाढा. तिला काय ठाऊक होते, की काहीच नव्हते, हे त्याने तिला कधी विचारलेले नाही.

छायाचित्राच्या मागे मराठीत तारीख आणि ‘धोंड्याचं जेवण’ असे लिहिलेले होते. अनुवाद करताना मी चार ओळींची टीप जोडली: हे जेवण परंपरेने जावयासाठी करतात. माझ्या मते संपूर्ण फाइलीत याहून बळकट कागद नव्हता. त्याने ती टीप वाचली आणि काढायला सांगितली. “आई तसं म्हणाली नाही, सर,” तो म्हणाला. “तिनं फक्त ताट वाढलं.” मी त्याला पुष्कळ समजावले, जेवणाचा अर्थ जेवणातच आहे, टिपेत मी माझ्या पदरचे काही घातलेले नाही, हेही सांगितले. तो ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला की ती कधी बोलली तर स्वतःच बोलेल, तिच्या आधी ते कोणत्या कचेरीत जायला नको.

टीप मी काढली. छायाचित्र तसेच गेले, खाली तारीख, गाव आणि ‘कौटुंबिक भोजन’.